बेगमी : कूटच्या वेढ्यापासून फ्रीझरमधल्या मटारापर्यंत



या मालिकेत आजवर आपण तोफांवर बोललो, घोड्यांवर बोललो, पूल आणि घाटरस्त्यांवर बोललो. आज मी भाजीवर बोलणार आहे. हसू नका. फौजेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला विचारा, तो सांगेल की गोळी क्वचित लागते, भूक रोज लागते. आणि इतिहासाच्या पुस्तकांत सेनापतींची नावं ठळक अक्षरांत असली, तरी कित्येक मोहिमांचा निकाल राशनच्या गोदामात आधीच लागलेला असतो.

विषय कसा सुचला ते आधी सांगतो. तीन वर्षांपूर्वी बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आम्ही देहरादूनला राहतो, मुलगी तिकडे हैदराबादला, म्हणजे घरात आम्ही दोघंच. दीड-दोन महिने स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आलं. मी मोठ्या आत्मविश्वासानं बाजारातून फ्रोझन भाज्यांची पाकिटं आणली. चिरायला नको, निवडायला नको. सकाळी आठला पाकिट फोडून एका पातेल्यात ओतलं, दुपारपर्यंत 'नॉर्मलला' येऊ दिलं, मग फोडणी घालून कुकरच्या दोन शिट्ट्या केल्या. तिनं एक घास घेतला.

"अहो, हे काय आहे?"

"भाजी."

"कशाची?"

मला सांगता येईना. गाजर, फरसबी, मटार, फ्लॉवर, सगळ्यांची मिळून एकच राखाडी लापशी झाली होती. ती शांतपणे म्हणाली, "शिळं ते शिळंच. उद्यापासून वरण-भात करा, तेवढं पुरे." त्या रात्री मला झोप लागली नाही. भाजी बिघडली याचं फारसं नाही. पण हाच धडा मला एका माणसानं लडाखमध्ये, पस्तीस वर्षांपूर्वी शिकवला होता आणि मी तो विसरलो होतो, हे आठवलं म्हणून. त्याच्याकडे मी शेवटी येतो. आधी 'शिळं' या शब्दाचा निकाल लावू, कारण माझ्या मते तिथेच आपली चूक होते. साठवलेली भाजी आणि शिळी भाजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साठवण्यासाठी आपल्याकडे चांगला शब्द आहे : बेगमी. पावसाळ्याच्या आधी आपल्या आज्या गच्चीवर गवारीच्या शेंगा वाळवायच्या, भेंडीच्या चकत्या वाळवायच्या, सांडगे घालायच्या, विदर्भ-मराठवाड्यात हरभऱ्याचा पाला वाळवून डब्यात भरायच्या. त्याला कुणी शिळं म्हटलं नाही. ती बेगमी होती.

आता आपण मेसोपोटेमियात जाऊ. म्हणजे आजचं इराक. साल 1915.

पहिलं महायुद्ध चालू आहे. सहावी पुणे डिव्हिजन तैग्रिस नदीच्या काठानं बगदादच्या दिशेनं वर गेली आहे. जनरल टाउनशेंड तिचा सेनापती. या डिव्हिजनमध्ये इंग्रज पलटणी होत्या, पंजाबी होते, राजपूत होते आणि आपले मराठेही होते : 103वी मराठा लाइट इन्फन्ट्री, 110वी मराठा लाइट इन्फन्ट्री, 117वी मराठा. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची पोरं. टेसिफोनची लढाई झाली, नुकसान फार झालं, सैन्य मागे फिरलं आणि कूट-अल-अमारा या नदीच्या वळणातल्या गावात थांबलं. 7 डिसेंबर 1915 ला तुर्कांनी वेढा पक्का केला. तो 147 दिवस चालला. 29 एप्रिल 1916 ला सुमारे तेरा हजार माणसं शरण गेली.

या वेढ्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. सुटकेसाठी आलेल्या फौजेची नदीकाठची झुंज, टाउनशेंडचे निर्णय, नंतर कैद्यांचे वाळवंटातले हाल. मला मात्र यातला एक तपशील कायम टोचत राहिला. तो वैद्यकीय आहे.

वेढ्यात आत सगळे एकाच गावात होते, एकाच नदीचं पाणी पीत होते, एकाच तोफांच्या माऱ्याखाली होते. तरी इंग्रज सैनिक एका रोगानं आजारी पडले आणि भारतीय सैनिक दुसऱ्या. इंग्रजांना बेरीबेरी झाला : पाय सुजणं, हृदय कमजोर होणं. भारतीयांना स्कर्व्ही झाला : हिरड्या सुजून रक्त येतं, दात हलतात, जुन्या जखमा पुन्हा उघडतात, सांधे धरतात, माणूस रायफल उचलायच्या लायकीचा राहत नाही. असं का झालं? इंग्रज शिपाई पांढऱ्या मैद्याचा पाव आणि घोड्याचं ताजं मांस खात होता. मैद्यातून कोंडा गेला, त्याबरोबर बेरीबेरी थोपवणारं जीवनसत्त्वही गेलं. पण ताज्या मांसातून स्कर्व्ही थोपवण्याइतकं काहीतरी मिळत राहिलं. आपल्या शिपायाला आटा मिळत होता, म्हणून तो बेरीबेरीपासून वाचला. पण घोड्याचं मांस धर्माच्या कारणावरून बहुतेकांनी नाकारलं, शेवटी शेवटी काहींनी घेतलं. आणि भाजी नव्हती.

हा एवढा साधा हिशोब आहे. भाजी नव्हती.

शिपाई नदीकाठचं गवत, रानातला पाला खुडून शिजवून खात होते. एप्रिलमध्ये विमानांतून पिठाची आणि साखरेची पोती टाकली गेली. वेढ्यातल्या सैन्याला हवेतून अन्न पुरवण्याचा जगातला हा अगदी सुरुवातीचा प्रयत्न. काही पोती नदीत पडली, काही तुर्कांकडे. पण हवेतून पालेभाजी कोण टाकणार? वेढ्याबाहेरही 1916 मध्ये मेसोपोटेमियातल्या भारतीय सैनिकांना हजारोंच्या संख्येनं स्कर्व्ही झाला. लिंबाच्या रसानं हा रोग बरा होतो हे जेम्स लिंड या आरमारी डॉक्टरनं 1747 मध्येच दाखवून दिलं होतं. म्हणजे माहिती होती, पुरवठा नव्हता. क्वार्टरमास्टरची कामं मी केली आहेत, म्हणून मला हे वाक्य लिहिताना राग येतो.

यातून एक चांगली गोष्ट निघाली, ती सांगायलाच हवी. याच युद्धकाळात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक या संशोधक बाईंनी आपल्या सहकारी मार्गारेट ह्यूम यांच्यासोबत गिनीपिगांवर प्रयोग केले. कोरड्या कडधान्यात स्कर्व्ही रोखण्याची ताकद नसते, पण तेच कडधान्य भिजवून मोड आणले की ती ताकद येते, असं त्यांना दिसलं. 1917 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं आणि भारतीय सैनिकांना मोड आलेली डाळ-कडधान्यं द्यावीत असं सुचवलं. मंडळी, साताऱ्याच्या कुठल्याही घरात आईनं फडक्यात बांधून ठेवलेली मटकी! जगातल्या मोठ्या साम्राज्याच्या सेनेला जे लंडनच्या प्रयोगशाळेतून कळावं लागलं, ते त्या शिपायाच्या घरच्या चुलीवर आधीच होतं. मात्र चुलीवरचं ज्ञान राशनच्या यादीत आपोआप चढत नाही.

तर साठवलेल्या भाजीच्या इतिहासाची गरज ही अशी आहे. चैनीतून ती आलेली नाही. ती हिरड्यांतून येणाऱ्या रक्तातून आली आहे.

थोडं मागे जाऊ. 1795 च्या सुमारास फ्रेंच सरकारनं सैन्यासाठी अन्न टिकवण्याच्या नव्या पद्धतीला बारा हजार फ्रँकचं बक्षीस ठेवलं. निकोला आपेर नावाच्या एका हलवायानं, हो, मिठाया करणाऱ्या माणसानं, वर्षानुवर्षं खटपट करून काचेच्या बाटलीत भाज्या भरल्या, बूच घट्ट बसवलं आणि बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवल्या. अन्न टिकलं. का टिकलं ते त्याला माहीत नव्हतं. जंतूंची गोष्ट पाश्चरनं सांगायला अजून पन्नास वर्षं होती. 1810 मध्ये बक्षीस मिळालं, अट एकच, की कृती छापून सगळ्यांना सांगायची. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरंडनं पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं आणि 1813 पर्यंत डॉन्किन आणि हॉल यांच्या कारखान्यातले डबे इंग्रज आरमाराकडे जाऊ लागले. गंमत अशी, की डबा आला पण तो उघडायचं हत्यार यायला चाळीस-पंचेचाळीस वर्षं लागली. तोवर छिन्नी आणि हातोडा, नाहीतर संगीन. सरकारी खरेदीत असं होतं. मी जास्त बोलत नाही.

दुसरी वाट वाळवण्याची. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेकडच्या सैन्याला वाळवून, दाबून, विटेसारख्या वड्या केलेल्या भाज्या मिळायच्या. सैनिक त्यांना सरळ 'वाळलेलं गवत' म्हणून हिणवत. हेतू स्कर्व्ही टाळण्याचा होता, पण वाळवताना आणि नंतर तासभर उकळताना नेमकं तेच जीवनसत्त्व निघून जायचं. पोट भरे, हिरड्या तशाच. दोन्ही वाटांत ही अडचण राहिली : भाजी टिकायची, पण भाजी राहायची नाही.

तिसरी वाट एका फिरस्त्या माणसाला सापडली. क्लॅरन्स बर्ड्सआय, जन्म 1886, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनचा. 1912 मध्ये तो कॅनडाच्या लॅब्रडॉर भागात गेला, प्राण्यांच्या फरचा धंदा करायला. तिथले इनुइट लोक बर्फाला भोक पाडून मासे पकडत. उणे चाळीस अंशांच्या वाऱ्यात मासा बाहेर आला की तिथल्या तिथे लाकडासारखा होई. काही महिन्यांनी तो शिजवला तर ताज्यासारखा लागे. हिवाळ्याच्या सुरुवातीला, थंडी कमी असताना गोठलेला मासा मात्र मऊ आणि बेचव लागे. बर्ड्सआय शिकलेला निसर्ग-अभ्यासक होता. त्यानं कारण शोधलं, आणि आजच्या माझ्या सगळ्या भाषणाचं मर्म या कारणात आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

भाजीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते पेशींमध्ये भरलेलं असतं, जशा पाण्यानं भरलेल्या लाखो पिशव्या. भाजी हळूहळू गोठली की पाण्याचे मोठे, टोकदार स्फटिक होतात आणि ते या पिशव्या आतून फाडतात. झटकन गोठली तर स्फटिक बारीक राहतात आणि पिशव्या बऱ्याचशा शाबूत राहतात. म्हणजे गोठवण्यात वेग महत्त्वाचा. लॅब्रडॉरमध्ये असतानाच बर्ड्सआयनं पिंपात मिठाचं पाणी आणि कोबीचे गड्डे घालून हिवाळ्यात प्रयोग केले. पुढे अमेरिकेत परतून मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टर या मासेमारीच्या गावी 1924 मध्ये त्यानं कंपनी काढली. अतिथंड धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये अन्नाची पाकिटं दाबून गोठवणारं यंत्र बनवलं. 1929 मध्ये हा सगळा धंदा पेटंटांसह 2 कोटी 20 लाख डॉलरना विकला गेला. 6 मार्च 1930 ला स्प्रिंगफील्ड गावातल्या अठरा दुकानांत गोठवलेले मटार, पालक, मासे, मांस पहिल्यांदा विक्रीला मांडले गेले. दुकानदारांकडे फ्रीझर नव्हते, तेही कंपनीनंच दिले.

भाजीच्या बाबतीत एक अडचण मात्र उरली होती. गोठवलेले मटार काही आठवड्यांनी गवतासारखे लागत. भाजी तोडली तरी तिच्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम, काम करत राहतात आणि थंडीत ती मंदावतात, मरत नाहीत. उपाय साधा निघाला. गोठवण्याआधी भाजी मिनिट-दोन मिनिटं उकळत्या पाण्यात किंवा वाफेत धरायची आणि लगेच गार करायची. याला ब्लांच करणं म्हणतात. हे लक्षात ठेवा : पाकिटातली भाजी कच्ची नसते, ती अर्धवट शिजलेली असते. मी दोन शिट्ट्या केल्या तेव्हा प्रत्यक्षात शिजलेली भाजी पुन्हा शिजवत होतो.

आणि या धंद्याला बळ दिलं कुणी? परत युद्धानंच. 15 फेब्रुवारी 1942 ला सिंगापूर पडलं, मलाया जपानच्या हातात गेला. जगाचं मोठं कथिल तिथून येई, आणि डब्याच्या पत्र्याला कथिलाचा मुलामा लागतो. अमेरिकेत डब्यांसाठी पत्रा मिळेना. गोठवलेल्या भाजीला मेणाचा हात दिलेलं पुठ्ठ्याचं खोकं पुरत होतं. गृहिणींनी नाइलाजानं ती घेतली आणि सवय लागली. त्याच सिंगापुरात हजारो भारतीय सैनिक युद्धकैदी झाले, ही गोष्ट वेगळी आणि मोठी आहे, तिच्यासाठी एक आख्खा भाग लागेल.

आता लडाख.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध. मी कॅप्टन होतो. आमची चौकी कुठे होती ते सोडा. झोजी ला हिवाळ्यात बंद व्हायचा, म्हणून बर्फ पडण्याआधी पुढच्या पाच-सहा महिन्यांचं सगळं वर चढवून ठेवावं लागे : रॉकेल, आटा, डाळ, डबे, दारूगोळा. फौजेत याला ॲडव्हान्स विंटर स्टॉकिंग म्हणतात. माझ्या आजीच्या भाषेत बेगमी. म्हैसूरला 1961 च्या डिसेंबरात स्थापन झालेली संरक्षण खात्याची अन्न-संशोधन प्रयोगशाळा आमच्यासाठी काय काय बनवत असे, टिकणाऱ्या चपात्यांपासून गोठवून वाळवलेल्या पदार्थांपर्यंत. ते सगळं मोलाचं होतं. पण तीन महिने डब्यातली भाजी खाल्लेल्या जवानाला हिरवं काहीतरी दिसलं की त्याचा चेहरा कसा होतो ते शब्दांत सांगता येत नाही. तो फ्लॉवरच्या गड्ड्याकडे घरच्या पत्रासारखा पाहतो.

एकदा शेवटच्या काही गाड्यांतून फ्लॉवरची आणि बटाट्याची पोती आली. चौकीवर पोचेपर्यंत सगळं दगड. बटाटे एकमेकांवर आपटले की खणखण वाजायचे. आमचे लांगरी सातारा जिल्ह्यातले, वयानं माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. मी हुकूम दिला, पोती बुखारीजवळ ठेवा, वितळली की चिरा. ते म्हणाले, "साहेब, ती गळंल." मी तरणा होतो आणि शहाणा होतो. "मी सांगतो तसं करा," म्हणालो. संध्याकाळपर्यंत फ्लॉवर काळपट, पिचपिचीत, खाली पाण्याचं थारोळं. वीस माणसांनी त्या रात्री डाळ-भात खाल्ला आणि कुणी एक शब्द बोललं नाही, हे जास्त लागलं.

एक पोतं बाहेर बर्फातच राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी मी लंगरात गेलो तर लांगरी गोठलेल्या गड्ड्याला लाकडी दांडक्यानं ठोकून तुरे सुटे करत होते. मोठ्या कढईत मोहरीचं तेल धुरावलेलं. मूठ-मूठ भरून फ्लॉवर तसाच, बर्फासकट, तेलात. चर्र झालं, वाफेचा ढग उठला. झाकण नाही, पाणी नाही. हळद, तिखट, मीठ सगळ्यात शेवटी. मी विचारलं, वितळवली का नाही? ते म्हणाले, "साहेब, जागं केलं की गोबी रडतिया. झोपंतच कढईत टाकायची."

बर्ड्सआयची सगळी विद्या या वाक्यात आहे. पेशी थोड्या तरी फाटलेल्या असतातच. हळूहळू वितळवली की त्यांतलं पाणी सावकाश बाहेर झिरपतं आणि भाजी त्याच पाण्यात भिजत, मऊ पडत बसते. कडक आचेवर एकदम टाकली की ते पाणी बाहेर येताच वाफ होऊन उडतं. बटाट्याचं मात्र लांगरींनाही काही करता आलं नाही. गोठलेला कच्चा बटाटा गोडसर होतो आणि वितळला की स्पंजासारखा पिचतो. पुढे वाचनात आलं, की दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतातले लोक नेमकं हेच मुद्दाम करत : रात्रीच्या थंडीत बटाटे गोठवायचे, दिवसा उन्हात पायांनी तुडवून पाणी काढायचं, असं काही दिवस. त्या वाळलेल्या बटाट्याला 'चुन्यो' म्हणतात, तो वर्षानुवर्षं टिकतो, आणि इंका राज्याची कोठारं त्यानं भरलेली असत. म्हणजे आमच्या चौकीवर अर्धा चुन्यो तयार झाला होता, तुडवायला तेवढं कुणाला सुचलं नाही.

त्या लांगरींची मी माफी मागितली नाही. तेव्हाच्या तोऱ्यात ते बसत नव्हतं. ते निवृत्त होऊन गावी गेले, नंतर गाठ पडली नाही. म्हणून ही गोष्ट इथे सांगतो आहे.

तर बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी, त्या राखाडी लापशीनंतरच्या सकाळी, मी पाकिट फ्रीझरमधून काढलं ते थेट कढईवर. लोखंडी, पसरट कढई. दोन चमचे तेल, चांगलं तापलेलं, जिरं-मोहरी, लसूण. भाजी दोन वेळा मिळून टाकली, एकदम सगळी नाही; एकदम टाकली की कढई थंड पडते आणि मग पाणी सुटतं. मोठी आच, चार-पाच मिनिटं. मीठ शेवटी, कारण मीठ पाणी ओढतं. वर ओलं खोबरं. तिनं खाल्ली. "ही कालचीच का?" म्हणाली. कालच्याच पाकिटातली उरलेली होती.

आता खर्चाचं. माझी पेन्शन बरी आहे, पण जवानाच्या पेन्शनवर किंवा छोट्या पगारावर चालणाऱ्या घराला पाकिट महाग वाटतं, आणि ते बरोबरच आहे. शिवाय आपल्याकडे घरोघरी फ्रीज ही अलीकडची गोष्ट. गोदरेजनं पहिला भारतीय फ्रीज 1958 मध्ये काढला, आणि मदर डेअरीनं दिल्लीत 'सफल' सुरू केलं ते 1988 ला. पण इकडे उत्तरेत लोकांनी स्वतःचा मार्ग काढला आहे. जानेवारीत मटार स्वस्त होतात तेव्हा गल्लीत उन्हात खाटा टाकून बायका, मुलं, आजोबा शेंगा सोलत बसतात आणि वर्षाचे मटार घरीच गोठवतात. ही खरी बेगमी, फक्त गच्चीऐवजी फ्रीझरमध्ये. गेल्या जानेवारीत मी दहा किलो शेंगा तीस रुपयांनी घेतल्या. शेंगेतून वजनाच्या साधारण निम्मे दाणे निघतात. म्हणजे सोललेले मटार किलोला साठ-पासष्ट रुपयांना पडले. पावसाळ्यात इथे शेंगाच त्याच्या दुप्पट भावानं असतात, आणि सोलल्यावर किती उरतात ते तुम्हीच बघा. महाराष्ट्रात असाल तर सासवड-पुरंदरचा वाटाणा पावसाळ्यात येतो, तेव्हाचा भाव साधा. जबलपूरकडे असाल तर हिवाळ्यात.

कृती अशी. भरपूर पाणी खळखळ उकळवा. अर्धा-अर्धा किलो मटार टाका, दीड मिनिट, घड्याळ लावून. लगेच काढून बर्फ घातलेल्या पाण्यात. पूर्ण गार झाले की सुती कापडावर पसरून कोरडे करा. ओले राहिले तर त्यांचाच दगड होतो. मग ताटात एकेरी थर पसरून फ्रीझरमध्ये दोन-तीन तास. बर्ड्सआयच्या यंत्राची ही गरिबाची आवृत्ती : पातळ थर लवकर गोठतो. मग पिशव्यांत भरून, हवा दाबून काढून, पिशव्या चपट्या ठेवा. फरसबी आणि फ्लॉवरच्या तुऱ्यांना तीन मिनिटं लागतात, पालकाला दोन. काकडी, मुळा, कच्चा बटाटा यांच्या वाटेला जाऊ नका.

विकतचं घेत असाल तर पिशवी हलवून पाहा. दाणे खुळखुळले पाहिजेत. गोळा लागला तर ती वाटेत एकदा वितळून परत गोठली आहे, ठेवून द्या. मिश्र भाजीपेक्षा एकाच भाजीची मोठी पिशवी स्वस्त पडते, आणि गाजर-मटारांना वेगवेगळा वेळ लागतो तो प्रश्नही सुटतो. वीज जाणाऱ्या गावात असाल तर वितळलेलं पुन्हा गोठवू नका; त्या दिवशी उसळ करा आणि शेजाऱ्यांना बोलवा. उसळीत, रश्श्यात मटार अगदी शेवटी टाकायचे, रस्सा उकळत असताना, तीन-चार मिनिटं पुरे. पुलावात भात उतरवायच्या आधी. पोह्यांत फोडणीवर थेट. पालकाची गोष्ट तेवढी उलटी : तो वितळवून पिळायचा, आणि पिळलेलं हिरवं पाणी कणकेत. पालकाचा आकार तसाही कुणाला हवा असतो?

आणि पोषणाचं म्हणाल, तर शेतातून तोडल्यावर काही तासांत गोठवलेल्या मटारात क जीवनसत्त्व बऱ्यापैकी टिकून राहतं. मंडईत चार दिवस उन्हात पडलेल्या 'ताज्या' शेंगेत ते रोज घटत असतं. कूटच्या वेढ्यात मूठभर गोठलेले मटार मिळाले असते तर, असा विचार माझ्या मनात येतो. मग मी तो सोडून देतो, कारण 1916 मध्ये ते शक्य नव्हतं. मोड आलेली मटकी मात्र शक्य होती.

बायकोचा गुडघा आता बरा आहे, स्वयंपाकघर तिनं परत घेतलं आहे. फ्रीझर माझ्याकडे आहे. पिशव्यांवर तारखा घालून, जुन्या पुढे आणि नव्या मागे, वहीत नोंद करून. ती म्हणते, "घरात क्वार्टरमास्टर बसवलाय." गेल्या आठवड्यात, भर जुलैत, बेळगावहून तिची धाकटी बहीण आली होती. मटारची उसळ झाली. "ताई, या दिवसांत इथे एवढे कोवळे मटार कुठे मिळाले?" तिनं विचारलं. बायको म्हणाली, "ह्यांना विचार," आणि मला पुन्हा कूटपासून सुरुवात करावी लागली.